मानवी पातळीचा एआय आला, तर सोलापुरात पहिलं काय अडेल?

ताणाबाणा (धागाकर्ता)

'एजीआय (मानवी पातळीचा एआय) कधी येणार' यावर इथं पुरेसं दळण दळून झालंय, त्यामुळे तारखेचा वाद या धाग्यावर नको. प्रश्न वेगळा आहे. समजा आला, तर आपल्या शहरातली कुठली व्यवस्था आधी कोलमडेल, आणि ते आजच तपासता येईल का?

आधी व्याख्या ठरवू. गूगल डीपमाइंडच्या संशोधकांनी २०२३ मध्ये पायऱ्या मांडल्या होत्या. 'सक्षम' म्हणजे त्या कामातल्या कुशल माणसांपैकी निम्म्यांच्या तरी बरोबरीचं, 'तज्ज्ञ' म्हणजे शंभरात नव्वदांच्या तोडीचं, त्यावर नव्व्याण्णव. तेव्हाच्या चॅटजीपीटीला सर्वसाधारण कामांच्या रकान्यात त्यांनी 'सक्षम'च्याही खालची पायरी दिली होती. मी इथं 'सक्षम' धरतो. म्हणजे टेबलावर होणारं कुठलंही काम मध्यम कारकून, मध्यम वकील, मध्यम डिझायनर करतो तितपत.

माझं म्हणणं असं, की तयारी यंत्राच्या हुशारीवरून मोजूच नये. यंत्र चुकल्यावर ती चूक किती दिवसांत, कुणाच्या सहीनं, किती खर्चात सुधारते, यावरून मोजावी. मिळकत कराची आकारणी, रेशनकार्ड, वीजबिलाची तक्रार, बांधकाम कामगारांची नोंदणी, काहीही घ्या आणि तीन गोष्टी पाहा. निर्णयाचं कारण लेखी मिळतं का? बदलण्याचा अधिकार असलेला माणूस त्याच इमारतीत बसतो का? आणि संगणक बंद असेल तर कागदावर ते काम किती दिवस चालेल?

आता '९९ टक्के अचूक' या शब्दाकडे. समजा, एका योजनेत १ लाख लाभार्थी आहेत, त्यातले ५०० खरोखर बोगस. यंत्र बोगसातले ९९ टक्के पकडतं, म्हणजे ४९५. पण उरलेल्या ९९,५०० खऱ्या लोकांपैकी १ टक्क्यावर चुकून बोट ठेवतं, म्हणजे ९९५. यादीत आले १,४९०, त्यातले दोन तृतीयांश निर्दोष. यंत्र जाहिरातीप्रमाणेच चाललंय, तरीही हे असं.

शिवाय हे ९९५ शहरभर सारखे पसरलेले नसतात. ते नावाच्या स्पेलिंगभोवती गोळा होतात. पूर्व भागात एकच आडनाव आधारवर इंग्रजीत एक, रेशनकार्डावर मराठीत दुसरं, आणि घरात तेलुगूत तिसरं. 'येमूल' की 'येमुल', इंग्रजीत वाय की ई, वडिलांचं नाव आधी की आडनाव आधी. नाव जुळवणारी प्रणाली जिथं तयार झाली तिथं ही भानगड नसेल, तर सगळा मार अशोक चौक, भद्रावती पेठेवर पडणार.

सातरस्ता

गणित पटलं. नेदरलँड्समध्ये बालसंगोपन भत्त्याच्या बाबतीत नेमकं हेच झालं. जोखीम ठरवणाऱ्या प्रणालीत नागरिकत्व हाही निकष होता, हजारो कुटुंबांवर फसवणुकीचा ठपका बसला, वसुली लागली, आणि जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या सरकारला राजीनामा द्यावा लागला. ती प्रणाली काही मानवी पातळीची नव्हती. साधी गुण देणारी होती. खालच्या साहेबांना निकाल फिरवायचा अधिकार नव्हता आणि अपिलं वर्षानुवर्षं पडून राहिली, घोळ तिथं झाला.

गड्ड्याचापाळणा

मालक, शहराला वर्षानुवर्षं तीन-चार दिवसांआड पाणी. उजनी भरून वाहते आणि इथं पिंप मांडून बसायचं. त्यात हे एजीआय. आधी नळाचं बघा.

ताणाबाणा

नळाचंच बघू की. कुठल्या पेठेला किती वाजता चावी सोडायची, कुठला व्हॉल्व अर्धाच उघडायचा, कुठं पूर्ण उघडला की टेकावरच्या घरांना थेंब येत नाही, ही माहिती बरीचशी चावीवाल्यांच्या डोक्यात आहे. नकाशावर पाइप आहेत, सवयी नाहीत. उद्या कितीही हुशार यंत्र आणा, वेळापत्रक तयार करायला त्याला प्रत्येक टाकीचा आवक-जावक प्रवाह, दर पंधरा मिनिटांची पातळी आणि टोकाच्या नळाचा दाब लागतो. घरोघरी मीटर नसतील तर गळती आणि वापर यातला फरक त्याला कळणार कसा? ते अंदाज बांधेल. अंदाज इतका व्यवस्थित तक्त्यात येईल की कुणी शंका घेणार नाही. म्हणून तयारीचं पहिलं काम फार स्वस्त आहे: चावीवाल्यांना विचारून झोनवार वही लिहून काढणे. ते लोक निवृत्त व्हायच्या आत.

गड्ड्याचापाळणा

हे मात्र बरोबर बोललात.

कांडी

मागाबद्दल लिहितो. सोलापुरी चादरीची नक्षी जेकार्डवर (नक्षीप्रमाणे ताण्याचे धागे उचलणारं मागावरचं यंत्र) निघते आणि जेकार्डची पंचकार्डं (भोकं पाडलेले पुठ्ठे) ही संगणकाच्या पंचकार्डांची थोरली भावंडं, त्यामुळे 'सूचना यंत्राला द्यायच्या' हा प्रकार या गावाला नवीन नाही. एआयनं चित्र काढून घ्यायचं आणि इलेक्ट्रॉनिक जेकार्डला द्यायचं, हे आज करून बघणाऱ्यांचं पुढच्या तीन ठिकाणी फसतं.

पहिलं, हुक, म्हणजे ताण्याचे धागे उचलणारे आकडे. १,३४४ हुकांचं जेकार्ड असेल तर कडेचे हुक वजा जाता एका रिपीटची (परत परत येणाऱ्या नक्षीच्या तुकड्याची) रुंदी तितक्याच पिक्सेलची हवी. एआय बरेचदा १,०२४ चं चौकोनी चित्र देतं, ते ताणून बसवलं की कडा फाटतात. दुसरं, इंचातले ताणे (उभे धागे) आणि पिक (आडवे धागे) सारखे नसतात. ताणे ४८ आणि पिक ३६ असतील तर एक इंचाचं वर्तुळ ग्राफवर ४८ बाय ३६ असं आडवं काढावं लागतं. ४८ बाय ४८ काढलं तर कापडावर ते १.३३ इंच उंच अंडं होतं. मोराची मान लांब होते ती यामुळे. तिसरं सगळ्यात महाग: फ्लोट. चित्रात एका रंगाचा मोठा पट्टा आला आणि मध्ये बांधणी दिली नाही, तर धागा मागच्या बाजूला मोकळा लोंबतो, अंगठीत अडकतो आणि माल परत येतो. चित्रातल्या शेकडो छटा आधी पाच-सहावर आणायच्या, मग प्रत्येक छटेला वेगळी वीण नेमायची. चित्र आणि वीण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पण धागाकर्त्याच्या व्याख्येतलं यंत्र हे तिन्ही करेल, कारण हे सगळं पुस्तकात आहे. पुस्तकात नसतं ते असं, की तीन नंबरच्या मागाला पावसाळ्यात ताण कमी ठेवावा लागतो. ते जॉबरला, म्हणजे माग लावून देणाऱ्या कारागिराला, माहीत असतं. तुटलेली तार (धागा) शोधून, रीडमधून (फणीतून) ओढून, गाठ मारणारा हात बनवणं हे पत्र लिहिणारं यंत्र बनवण्यापेक्षा अजून तरी अवघड आहे. विडी वळण्याचंही तेच. पान ओलं किती, कापायचं कसं, तंबाखू किती, हे बोटांना कळतं.

म्हणजे क्रम उलटा लागतो. आधी मार बसणार तो ऑफिसात: डिझाइन, टॅली, जीएसटीची विवरणपत्रं, टॉवेल निर्यातीचा पत्रव्यवहार. मागावरच्या घरातली जी मुलं बीकॉम करून टेबलाला लागली, ती आधी. त्यांच्या आईबापांचा माग मात्र खडखडत राहील. या क्रमाचा विचार कुठल्याच कौशल्य प्रशिक्षणात दिसत नाही. अजून तेच डेटा एंट्रीचे वर्ग.

सातरस्ता

कांडी, यात कायद्याची बाजू जोडतो. २० पेक्षा कमी माणसं असली की भविष्य निर्वाह निधी सक्तीनं लागू होत नाही, १० पेक्षा कमी असली की ग्रॅच्युइटी नाही. त्यामुळे एकाच शेडमध्ये तीन फर्मच्या पाट्या. ऑफिसातली चार माणसं कमी झाली तर ती अशाच फर्मच्या कागदावर असतात. औद्योगिक संबंध संहिता २०२० मध्ये कपात झालेल्या कामगारामागे १५ दिवसांचा पगार मालकानं पुनर्कौशल्य निधीत भरायचा आणि ४५ दिवसांत तो कामगाराच्या खात्यात जायचा अशी तरतूद आहे, संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागूही झाली. पण 'कामगार' असल्याचा पुरावाच नसेल तर? नेमणूकपत्र, बँकेतून पगार आणि हजेरीचा फोटो, हे तीन कागद आज जमवलेले बरे. गिरण्या बंद पडल्या तेव्हा निदान हजेरीपट तरी होते.

तिठा

भाषेचा मुद्दा कुणी काढला नाही म्हणून लिहितोय. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. 'सोलापूर' या शब्दात स, ओकार, ल, काना, प, ऊकार, र अशी ७ चिन्हं, म्हणजे २१ बाइट. इंग्रजीत तोच शब्द ७ बाइटचा. ज्या मॉडेलची शब्दफोड इंग्रजीवर बेतलेली असते तिथं मराठी मजकुराचे तुकडे जास्त पडतात. खर्च वाढतो आणि तेवढ्याच जागेत कमी मजकूर मावतो. नव्या मॉडेलांत हे बरंच सुधारलंय, संपलेलं नाही.

बोलण्यात अडचण वेगळी. इथं एका वाक्यात मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी येऊ शकते. सेवा केंद्रात आवाजावर चालणारी प्रणाली बसवायची असेल तर आधी चाचणी घ्या. १० माणसं (निम्म्या बायका, दोघं तरी साठीपुढचे, तीन पूर्व भागातले), प्रत्येकी ५० वाक्यं, मागे पंखा आणि रस्त्याचा आवाज चालू. चुकांचं प्रमाण काढायचं सूत्र: चुकीचे शब्द, गळलेले शब्द आणि जास्तीचे शब्द यांची बेरीज भागिले एकूण शब्द. पण या एका आकड्यावर थांबू नका. दहा शब्दांत एक चूक म्हणजे ठीक वाटतं, पण ती एक चूक कुठं आहे? 'पावणेदोनशे' म्हणजे १७५, यंत्रानं २०० ऐकलं. 'अडीच गोळ्या'चं 'दोन गोळ्या' झालं. 'नको' मधला न गेला. म्हणून आकडे, नावं आणि नकार यांचे तीन वेगळे रकाने ठेवा. या तिन्हींत शेकडा एकापेक्षा जास्त चूक असेल तर यंत्रानं ऐकलेलं परत वाचून दाखवून 'हो' घेतल्याशिवाय अर्ज पुढं जाता कामा नये.

आणि आपल्या सोलापुरी 'बे'चं काय करणार? हाक की पाढा?

गड्ड्याचापाळणा

बे एके बे म्हणेल की बे.

हुतात्माचौक

फसवणुकीची बाजू. इथं मानवी पातळीची वाट बघायचीही गरज नाही, काही सेकंदांच्या ध्वनिमुद्रणावरून आवाजाची नक्कल आजच होते. २०२४ मध्ये हाँगकाँगमध्ये एका कंपनीच्या कर्मचाऱ्यानं व्हिडिओ कॉलवर साहेबांचे बनावट चेहरे पाहून २० कोटी हाँगकाँग डॉलर पाठवले होते.

घरात ठरवून ठेवायच्या गोष्टी: पैशाची मागणी आली की आवाज कुणाचाही असो, फोन ठेवायचा आणि आपल्याकडं साठवलेल्या नंबरवर उलट फोन करायचा. आलेल्या नंबरवर नाही. परवलीचा शब्द ठेवतात, पण घाबरल्यावर तो आठवत नाही. त्यापेक्षा असा प्रश्न ठेवा ज्याचं उत्तर फेसबुकवर किंवा घरच्या ग्रुपवर कधी पडलेलं नाही. लग्नाची तारीख, शाळेचं नाव, कुत्र्याचं नाव बाद.

पैसे गेलेच तर १९३०, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. सोलापूरकरांना पाठ करावं लागत नाही, मार्शल लॉचं साल. फोन लावण्याआधी यूपीआयचा १२ अंकी संदर्भ क्रमांक, वेळ, रक्कम आणि समोरचा यूपीआय आयडी कागदावर लिहा. चॅट पुसू नका, ॲप काढू नका. लवकर कळवण्याचं कारण हे, की पैसे पहिल्या खात्यात फार वेळ थांबत नाहीत. पुढं दहा खात्यांत फुटले की गोठवायला काही उरत नाही. आणि एक गैरसमज: रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकातली 'तीन कामकाजी दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य' ही सवलत ग्राहकाच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहाराला आहे. फसून का होईना, पिन तुम्हीच टाकला असेल तर बँक ती सहज मान्य करत नाही.

सातरस्ता

पुराव्याचं थोडं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत दोन भागांचं प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य (फाइलमधल्या मजकुरावरून गणितानं काढलेला ठसा) लिहावं लागतं. व्हॉट्सॲपवरून पाठवलेला व्हिडिओ सहसा दाबून लहान केला जातो, हॅश बदलतं. म्हणून मूळ फोनमधली मूळ फाइल ठेवा.

तिठा

हॅशबद्दल एक दुरुस्ती, कारण लोक यावर भलताच विश्वास टाकतात. हॅश फक्त इतकंच सांगतं, की काढल्यानंतर फाइल बदलली नाही. फाइल मुळातच बनावट असेल तर बनावट फाइलचंही हॅश चोख येतं.

सातरस्ता

मान्य. मूळ उपकरण कुणाच्या ताब्यात कधी होतं, ही साखळी म्हणून तर हवी.

मालदांडी

ताणाबाणा, तुमच्या कसोटीत मोठं भोक आहे. 'निर्णयाचं कारण लेखी मिळतं का' ही परीक्षा आजच्या मुक्या प्रणालीसाठी ठीक आहे. मानवी पातळीचं यंत्र कारण देईल, तेही दोन पानी, शुद्ध मराठीत, शासन निर्णयाच्या क्रमांकासह. तुमच्या तलाठ्यापेक्षा चांगलं. पण दिलेलं कारण आणि निर्णय ज्यावरून झाला ते कारण एकच आहे कशावरून? भाषेची मॉडेलं पटेलसं स्पष्टीकरण मागाहूनही रचू शकतात. म्हणजे पहिला प्रश्न सगळेच पास होणार.

दुसऱ्या प्रश्नातही तीच गोम. सही करणारा माणूस आहे, ठीक. पण त्याच्यापुढं दिवसाला ४०० प्रकरणं आली तर ८ तासांची ४८० मिनिटं, म्हणजे प्रकरणाला सव्वा मिनिटही नाही. समोर नीटस दोन पानं. तो काय तपासणार? शिक्का मारणार. यंत्र जितकं बरं लिहील तितका शिक्का वेगानं पडेल.

ताणाबाणा

खरंय. पहिला प्रश्न मागं घेतो आणि त्याच्या जागी दोन गोष्टी ठेवतो.

एक, अर्जात एकच गोष्ट बदलून तोच अर्ज परत द्यायचा. उत्पन्न तेच, कागद तेच, फक्त आडनावाचं स्पेलिंग किंवा पेठ वेगळी. निकाल फिरला तर लेखी कारण काहीही असो, खरं कारण सापडलं. हे एका अर्जावरून ठरत नाही, तरी १०० जोड्या करायला एका कार्यालयाला आठवडाही लागणार नाही.

दोन, तपासणाऱ्याचीच तपासणी. दर १,००० प्रकरणांत मुद्दाम चुकवलेली २० पेरायची, त्याला न सांगता. विमानतळावर बॅगा बघणाऱ्यांच्या पडद्यावर खोट्या पिस्तुलाची चित्रं टाकतात तसं. वीसपैकी पंधरा सापडली तर माणूस जागा आहे. दोन सापडली तर सही शोभेची आहे, मग प्रकरणांची संख्या कमी करा. सहा मिनिटं धरली तर दिवसाला ८० च्या वर देऊ नयेत.

मालदांडी

हे चालेल. अजून एक आकडा मागा: महिनाभरात माणसानं यंत्राचा निकाल किती वेळा फिरवला. हजारात शून्य असेल तर यंत्र फार चांगलं आहे किंवा माणूस झोपलाय, आणि कुठलं ते पेरलेल्या प्रकरणांवरून कळेल.

कांडी

तिसऱ्या प्रश्नाला, म्हणजे कागदावर काम चालेल का याला, हात लावू नका. तो सगळ्यात चांगला आहे. बाजार समितीत हंगामात कांद्याच्या शेकड्यांनी गाड्या येतात. एक दिवस सगळं सॉफ्टवेअर बंद करून वजन, लिलाव, हमाली, तोलाई आणि शेतकऱ्याची पट्टी हातानं करून बघावी. दर सहा महिन्यांनी, हंगाम नसताना. पहिल्यांदा काय होतं ते ठरलेलं आहे: छापील पट्टीपुस्तकं नसतात, कार्बन नसतो, वजावटीचे दर कुणाला पाठ नसतात, आणि दुसऱ्या दिवशी कागदावरचं संगणकात चढवताना एकच गाडी दोनदा जाते. म्हणून कागदी पावतीला वेगळी मालिका, वेगळा रंग.

सातरस्ता

आता हे आकडे मिळवायचे कसे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये दुरुस्ती मागण्याचा आणि गाऱ्हाण्याचा हक्क आहे, पण युरोपातल्यासारखा 'फक्त यंत्रानं माझा निर्णय करू नये' असा स्वतंत्र हक्क नाही. तेव्हा जुनी हत्यारं: अधिसूचित सेवा वेळेत मिळाली नाही तर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खाली अपील, दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड. आणि माहिती अधिकार, १० रुपये, ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांत हवा हे लक्षात ठेवा. करारनामा मागितला की 'व्यापारी गोपनीयता' म्हणून कलम ८ पुढं करतात. म्हणून करारनामा, चाचणी अहवाल आणि संख्या हे वेगळ्या क्रमांकांवर मागा, म्हणजे एक नाकारलं तरी बाकीचं द्यावं लागतं.

ताणाबाणा

मसुदा टाकतो, सुधारा:

विषय: लाभार्थी पडताळणीतील संगणकीय प्रणाली. कालावधी: १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२६. (१) सदर प्रणालीच्या खरेदीचा अथवा वापराचा आदेश व करारनामा यांची प्रत. (२) वापरापूर्वी घेतलेल्या चाचणीच्या अहवालाची प्रत. (३) प्रणालीने संशयित ठरवलेल्या प्रकरणांची महिनावार संख्या. (४) त्यांपैकी अधिकाऱ्याने तपासून पूर्ववत केलेल्या प्रकरणांची महिनावार संख्या. (५) प्रणाली बंद पडल्यास वापरावयाच्या हस्तलिखित पद्धतीच्या परिपत्रकाची प्रत. (६) नावातील फरकामुळे लाभार्थी वगळले का जातात याचा खुलासा.

दीडशेच्या निम्म्यातही बसतं.

सातरस्ता

पहिल्यातला करारनामा सुटा करा, आत्ताच सांगितलं. आणि सहावा काढा. 'का' विचारलं की 'खुलासा ही माहितीच्या व्याख्येत बसत नाही' एवढं एका ओळीचं उत्तर येतं. नोंद मागा: 'नावातील फरक या कारणाने वगळलेल्या प्रकरणांची महिनावार संख्या.'

ताणाबाणा

दोन्ही बदल केले.

तिठा

आणि असा रकानाच त्यांच्याकडं नसेल तर?

सातरस्ता

तर 'माहिती उपलब्ध नाही' असं सहीशिक्क्यानिशी येईल. लोकसेवा हक्काच्या अपिलाला तोच कागद जोडायचा.